मागच्या दाराचं तेल

समाधानची गाडी आवारात शिरली की मीरा रोडच्या त्या बिल्डिंगमधलं कुणीतरी हमखास म्हणायचं, "आज कुणाकडे वडे?" जुनी डिझेलची अ‍ॅम्बॅसिडर होती ती, आणि खरोखरच तळणीच्या तेलावर चालायची. तळमजल्यावरचे शहाकाका नाक वर करून म्हणत, "समाधानभाई, आ तो भजियानी गाडी छे." समाधान हसायचा. त्या हसण्याच्या आड काय होतं ते बरेच दिवस कुणाला कळलं नाही. त्याच्या बायकोला, संध्यालाही नाही.

समाधान मूळचा परभणीकडचा. औरंगाबादला आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाला आणि मुंबईत जनरेटर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. संध्या नर्स होती. चेंबूरला भाड्याच्या खोलीत काही वर्षं काढून, दोघांच्या पगारावर त्यांनी अठ्ठ्याऐंशी साली मीरा रोडला वन रूम किचन घेतलं. बिल्डिंगच्या मागे तेव्हा मिठागरं होती आणि पाणी टँकरनं यायचं. आई, वैजयंता, गावाकडेच वारली होती. जागा झाल्यावर त्यानं वडिलांना, खंडूबाबांना, आपल्याकडे आणलं. आणि मग वर्षभरातच कंपनीनं गाशा गुंडाळला. मालकानं जाता जाता आपली जुनी अ‍ॅम्बॅसिडर समाधानच्या गळ्यात मारली, आणि समाधान गाडीवाला झाला. लग्नाचं वऱ्हाड, विमानतळ, वज्रेश्वरी, दवाखाना, जे भाडं मिळेल ते.

नव्वद सालाच्या शेवटी आखातात लढाईचं वारं सुटलं आणि इकडे डिझेलची ओढाताण सुरू झाली. काशीमीऱ्याच्या पंपावरची ट्रकची रांग हायवेवर यायची. त्या रांगेत समाधानची सकाळ जायची आणि सकाळचं भाडंही जायचं. तिथे बसल्या बसल्या त्याला आयटीआयच्या मास्तरांचं बोलणं आठवलं. डिझेल इंजिन नवीन निघालं तेव्हा पॅरिसच्या एका प्रदर्शनात ते शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, असं त्यांनी सांगितलं होतं. शेंगदाण्याचं ताजं तेल काही परवडणारं नव्हतं. पण जे एकदा तळून काळं झालंय, ज्याला कुणी विचारत नाही, ते?

काशीमीऱ्याला हॉटेलांचा काय तोटा. समाधान त्यातल्या सगळ्यात मोठ्या व्हेज हॉटेलात गेला, पुढच्या दारानं, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅनेजर उत्तम साताऱ्याकडचा, अंगानं भरलेला, गप्पिष्ट माणूस. त्यानं समाधानला चहा पाजला.

"जळकं तेल? करणार काय त्याचं?"

"गाडीत घालणार."

उत्तम हसला, मग समाधान हसत नाहीये हे बघून थांबला. "न्या की. आम्हाला तरी काय करायचंय. पण पुढून नको हां, गिऱ्हाईक बसलेलं असतं. संध्याकाळी मागच्या दारानं या. किचनमध्ये सांगून ठेवतो."

मागच्या दारानं. हे दोन शब्द समाधानच्या कानात जरा अडकले. मग त्यानं ते झटकून टाकले. समोर काम होतं, आणि ते काम त्याला मनापासून आवडलं होतं.

हाटकेशला महिपत नावाच्या त्याच्या मित्राचा लेथ मशीनचा गाळा होता. तिथल्या एका कोपऱ्यात त्यानं पिंप मांडलं. तेल आठवडाभर निवळू द्यायचं, गाळ खाली बसला की वरचं तेल जुन्या धोतरातून गाळून घ्यायचं. डिकीत त्यानं दुसरी छोटी टाकी बसवली. तिथून येणारी तांब्याची नळी इंजिनाच्या गरम पाण्याच्या पाइपाभोवती गुंडाळली, म्हणजे जाड तेल पातळ होऊन पुढे जाईल. ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी एक कॉक. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की कॉक फिरवून तेलावर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची, नाहीतर नळीत तेल थिजून बसतं. पहिल्यांदा त्यानं घोडबंदरच्या रस्त्याला कॉक फिरवला तेव्हा महिपत शेजारी बसला होता. इंजिनाचा आवाज उलट जरा मऊ झाला. महिपत म्हणाला, "च्यायला, चालतंय की." समाधानला त्या दिवशी जे वाटलं ते नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं.

फक्त ती मागची बाजू. हॉटेलाच्या मागे उघडं गटार होतं, कांद्याच्या सालींचा ढीग होता, खरकटी भांडी घासणाऱ्या बायका होत्या, आणि उरलंसुरलं अन्न मिळेल म्हणून ताटल्या, डबे घेऊन उभी राहिलेली माणसं होती. खाणीवर दगड फोडणारी, हायवेच्या कडेला पालं ठोकून राहणारी. समाधान आपले प्लास्टिकचे कॅन घेऊन त्यांच्या शेजारी उभा राही. आतून स्वयंपाकी ओरडायचा, "ए तेलवाला, रुक थोडा." मग तो थांबायचा. आपण मेकॅनिक आहोत, आपण इंधन घ्यायला आलोय, असं तो मनात म्हणत राहायचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसांपासून वीतभर अंतर ठेवायचा. हेही त्याच्या लक्षात येत नसे असं नाही.

घरी आला की कपड्यांना वास यायचा. खंडूबाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कशाचं तेल हाय रे ते?"

"वेफर्सच्या फॅक्टरीतून येतं, बाबा."

संध्यालाही मग तेच सांगितलं. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं नव्हतं. ते आपसूक तोंडातून निघालं, आणि का निघालं हे त्याला नीट ठाऊक होतं.

खंडूबाबा तरुण असताना गावचे येसकर होते. त्यांच्या घराकडे ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. घुंगरांची काठी घ्यायची, गावाची राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि दिवे लागायच्या वेळी घरोघरच्या मागच्या दाराशी उभं राहून "येसकराला भाकर वाढा" म्हणून हाळी द्यायची. वरून टाकलेलं शिळंपाकं घोंगडीत झेलायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर खंडूबाबांनी ती काठी चावडीत नेऊन ठेवली. तेव्हा समाधान वैजयंताच्या मांडीवर होता. गावानं काम देणं बंद केलं. खंडूबाबा बायकोपोराला घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले आणि तिथून पुढे कुणापुढे हात पसरला नाही. त्यांच्या घरात काही नियम होते. कुणाचं उरलेलं आणायचं नाही. लग्नाच्या पंगतीतून बांधून आणायचं नाही. कुणाच्याही घरी जायचं ते पुढच्या दारानं, आणि पुढून बोलावलं नाही तर जायचंच नाही. समाधान हे ऐकत वाढला होता. मागच्या दाराचं तेल त्याला कुठल्याच तोंडानं सांगता येत नव्हतं.

असं वर्षभर चाललं. मग खंडूबाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका संध्याकाळी समाधान त्यांना बोरिवलीच्या दवाखान्यातून नवा चष्मा घेऊन परत आणत होता. त्या दिवशी तेल न्यायचं ठरलं होतं. नेलं नाही तर स्वयंपाकी ते गटारात ओतायचा. बाबा मागच्या सीटवर पेंगत होते. समाधाननं गाडी हॉटेलाच्या कडेला लावली आणि म्हणाला, "पाच मिनिटांत आलो. बसून राहा."

हॉटेलात बारशाची पंगत होती, म्हणून मागे नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. स्वयंपाकी खुशीत होता. त्यानं कॅन भरून दिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं पुढे केलं. "ये ले, पुरी है. घर पे खा लेना."

समाधानच्या घरात पुऱ्यांची ददात नव्हती. नको म्हणायला एवढासा श्वास पुरला असता. पण त्यानं कॅन खाली ठेवला, हात पँटला पुसले, आणि दोन्ही हात पुढे केले. कमरेत किंचित वाकलासुद्धा. का, ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. जणू हातांना ते आधीपासून येत होतं.

पुडकं घेऊन तो वळला तर भिंतीच्या कोपऱ्यापाशी खंडूबाबा उभे होते. नवा चष्मा लावून जग बघायला खाली उतरले होते. त्यांना आता लांबचं स्वच्छ दिसत होतं.

ते वळून हायवेच्या कडेला जाऊन उभे राहिले. समाधान कॅन डिकीत टाकून धावत गेला.

"बाबा, बसा गाडीत."

"कव्हापासून?"

"बाबा, ते खायचं नाहीये. ते इंधन आहे. त्यांना ते टाकूनच द्यायचं असतं. मी नेतो म्हणजे उलट त्यांचीच घाण साफ करतो."

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. खंडूबाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"आन पुऱ्या?"

पुडकं अजून त्याच्या हातात होतं. कागदातून तेल झिरपून बोटांना लागलं होतं. त्याला ते टाकताही येईना आणि धरवतही नव्हतं. खंडूबाबांनी हात करून रिक्षा थांबवली आणि एकटे घरी गेले.

संध्याला त्यांनी काही सांगितलं नाही. समाधाननंही नाही. पण त्यानंतर खंडूबाबा त्या गाडीत बसले नाहीत. दवाखान्यात जायचं झालं तर बस पकडायचे. संध्यानं विचारलं तर म्हणाले, "मला वास सोसत न्हाई." बापलेक एकाच ताटलीतली चटणी घेत जेवायचे, पण समाधानला मान वर करून त्यांच्याकडे बघता यायचं नाही. त्याला त्या संध्याकाळची लाज वाटायची. आणि कधीकधी, आपण मेहनतीनं उभं केलेल्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते, याचीही लाज वाटायची.

त्यानं हॉटेलाकडे जाणं सोडलं. काही महिने गाडी पंपाच्या डिझेलवर चालली. डिकीतली टाकी रिकामी पडून होती, गुडघ्यापाशी तो कॉक रोज दिसत होता. ते त्याला सहन होईना. मग त्याला एक उपाय सुचला, आणि तो सुचला तेव्हा त्याला फार हलकं वाटलं.

मागच्या दाराशी उभ्या राहणाऱ्यांत एक बाई होती. तिशीची, उंच, कायम एकच हिरवट लुगडं. खाणीवर कामाला जायची. समाधाननं तिला हायवेवर गाठलं आणि सांगितलं, तू किचनमधून तेल घ्यायचं, पेट्रोलपंपाच्या पुढे झाडाखाली माझी गाडी असते तिथे आणून द्यायचं, मी पैसे देईन. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "चालंल, साहेब."

तेव्हापासून समाधान झाडाखाली गाडीत बसून राहायचा. लांबून ती येताना दिसायची, एक कॅन डोक्यावर, एक हातात. कॅन डिकीत ठेवायची, पैसे घ्यायची, जायची. गाडीला पुन्हा तो वास यायला लागला. खंडूबाबांनी विचारलं नाही. समाधाननं आपण होऊन सांगितलं, "मी आता तिथे जात नाही, बाबा." ते खरं होतं. खंडूबाबा "बरं" म्हणाले, पण गाडीत काही बसले नाहीत.

असंही वर्ष गेलं. एका दुपारी त्याला विमानतळाचं भाडं होतं आणि टाकीत तेल कमी होतं. ठरल्या वेळेआधीच तो हॉटेलाजवळ गेला. ती बाई दिसली तशी काच खाली करून म्हणाला, "लवकर आण. मला उशीर होतोय."

"साहेब, आत्ताच तळण झालंय. गरम आसंल."

"असू दे. आण तू."

तिनं आणलं. कढईतून काढलेलं तेल प्लास्टिकच्या कॅनमध्ये. गाडीपासून हातभर अंतरावर कॅनचा तळ मऊ पडून सुटला आणि सगळं तेल तिच्या उजव्या पायावर आलं. ती ओरडली नाही. खाली बसली आणि पाय दोन्ही हातांनी हवेत धरून ठेवला. समाधाननं पंपावरून पाण्याची बादली आणून पायावर ओतली, तिला गाडीत घातलं आणि संध्याच्या हॉस्पिटलात नेलं.

केसपेपर काढायच्या खिडकीत बसलेल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?"

समाधानला ते ठाऊक नव्हतं. वर्षभर ती त्याचं तेल वाहत होती. त्यानं मान वळवून बाकावर बसलेल्या तिला विचारलं, "तुमचं नाव काय?" त्याच्या तोंडून 'तुमचं' असं त्या दिवशी पहिल्यांदा निघालं.

"सुगंधा," ती म्हणाली.

ड्रेसिंगला संध्याच होती. घोट्यापासून पोटरीपर्यंत कातडी सुटली होती. "कशानं भाजलं हो?" तिनं विचारलं. सुगंधानं दाराशी उभ्या असलेल्या समाधानकडे बोट केलं. "ह्या साहेबांचं तेल हुतं."

संध्यानं वर पाहिलं. मग पट्टी बांधत राहिली.

घरी मात्र ती बोलली, खंडूबाबांसमोरच. "वेफर्सची फॅक्टरी म्हणालात मला. एक बाई हॉटेलाच्या गटारापासून तेल वाहून आणते, तुम्ही गाडीत बसून घेता. आणि तुम्हाला तिचं नावसुद्धा माहीत नाही?"

समाधान जमिनीकडे बघत होता. "मला तिथे उभं राहवत नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणून तिला उभं केलंत."

तो वडिलांच्या बोलण्याची वाट बघत राहिला. ते आता काय म्हणतील ते त्याला माहीत होतं, आणि ते ऐकून घ्यायची त्याची तयारी होती. पण खंडूबाबा बोलले ते वेगळंच.

"संध्या, त्याला एकल्यालाच बोलू नको," ते म्हणाले. "म्या काठी ठिवली. पर काठी काय चावडीत पडून राहिली न्हाई. गावाला येसकर पाहिजेच व्हता. मव्हा चुलतभाऊ, दशरथ, त्यानं उचलली ती. त्याच्या घरात खाणारी लई तोंडं, आन त्याला खडी फोडाया नेणारं कुणी न्हाई. म्या त्याला संगं चल म्हनलं न्हाई. उलट काठी उचलली म्हून बोलणं टाकलं. समाधान, तुह्या मायच्या मातीला आला व्हता तो. लांब उभा व्हता. म्या तव्हाबी बोललो न्हाई."

समाधानला वडील असे कधी दिसले नव्हते. लहानपणापासून ती काठीची गोष्ट तो ऐकत आला होता. गोष्ट काठी चावडीत ठेवण्यापाशी संपायची.

पुढचे काही आठवडे समाधान सुगंधाला ड्रेसिंगसाठी गाडीतून नेत-आणत होता. ती पुढच्या सीटवर बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. पाय भरत आला तेव्हा एक दिवस तो खाणीजवळच्या तिच्या झोपडीत फळं घेऊन गेला. तिची म्हातारी सासू दारात बसली होती. समाधान उभ्यानंच म्हणाला, "मी तेल बंद केलंय. तुम्हाला आता परत तसलं काही करावं लागणार नाही."

त्याला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. सुगंधानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"बंद का केलं?"

"म्हणजे, तुमचा पाय..."

"पाय माझा भाजला. ते गरम तेल आणा म्हनलात, ते चुकलं तुमचं. तेलानं काय केलं हुतं?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही पैसे द्याय लागलात तवापासून मी तिथं ताटली धरली न्हाई. आचारी मला आधी 'ए, हट' म्हणायचा. मग 'तेलवाली आली' म्हणाय लागला. आता परत ताटली घिऊन जाऊ का?"

ज्या शब्दानं समाधानची मान खाली गेली होती त्याच शब्दानं हिची वर आली होती, आणि दोन्ही वेळा त्यानं फक्त स्वतःच्या मानेचाच विचार केला होता. तो तिथे तसाच उभा राहिला. सासू म्हणाली, "बसा की." तो बसला.

तेल पुन्हा सुरू झालं. महिपतच्या गाळ्यात समाधाननं झाकणाचे पत्र्याचे डबे बनवून घेतले. तेल रात्रभर निवू द्यायचं आणि सकाळी आणायचं असं उत्तमशी ठरवलं. आणि मागच्या दाराशी तो स्वतः जायला लागला, सुगंधाच्या बरोबर. दोघं दोन-दोन डबे उचलायचे. त्याची लाज गेली असं मात्र झालं नाही. तिथे पोचलं की त्याचा आवाज बसायचा, नजर गटारावर जायची. सुगंधाच आत बघून सांगायची, "भैया, तेल निकालो." पुढे तिनं आणखी दोन हॉटेलं धरली. समाधानला लागेल तेवढं तेल देऊन उरलेलं ती भाईंदरच्या एका साबणवाल्याला घालू लागली. तिच्या पायावरची कातडी शेवटपर्यंत चकचकीत, गुलाबीच राहिली. तिकडे बघायचं समाधान टाळायचा.

गाडी आणखी तीन-चार वर्षं चालली. मग इंजिनाचा डिझेल-पंप झिजला, त्याचे भाग मिळेनात, आणि समाधान एका कॉम्प्लेक्समध्ये जनरेटर बघायच्या नोकरीला लागला. पण त्याआधी, पंचाण्णवच्या उन्हाळ्यात, खंडूबाबांनी एक दिवस जेवताना सांगितलं, "मला गावाला ने. गाडीनं."

समाधाननं डिकीत तेलाचे डबे भरले. मराठवाड्याच्या उन्हात तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं, गाडी कुठे अडली नाही. खंडूबाबा पुढे बसले होते. वास सोसत नाही असं काही म्हणाले नाहीत.

दशरथकाका विहारासमोरच्या लिंबाखाली बाजेवर बसले होते. म्हातारे झाले होते, कानानं पार गेले होते. गाडी आलेली बघून वस्तीतली माणसं गोळा झाली. खंडूबाबा बाजेपुढे उभे राहिले. शेवटी दशरथकाकांनी गाडीकडे बोट केलं.

"पोराची का?"

"व्हय."

"कशावर चालती? डिझेल?"

"तेलावर. हॉटेलातल्या."

"आं?"

खंडूबाबांनी घसा खाकरला आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हॉटेलात तळून उरलेल्या तेलावर. पोरगा मागच्या दारानं आनतो."

जमलेल्या माणसांतून हसू फुटलं. समाधानच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं. ह्या वस्तीला तो साहेब वाटत होता. पण खंडूबाबा थांबले नव्हते. ते बाजेच्या जवळ सरकले आणि खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनला?" दशरथकाकांनी कानामागे हात धरला.

"म्हनलं, मव्हं चुकलं."

"आं?"

खंडूबाबांनी आजूबाजूला पाहिलं. ज्यांनी त्यांना काठी ठेवणारा म्हणून ओळखलं होतं, त्यांची पोरं, नातवंडं, सगळी बघत होती. मग त्यांनी पूर्ण ताकदीनं आवाज लावला. "दशरथा, मव्हं चुकलं. म्या तुला संगं न्यायला पाहिजे व्हतं."

दशरथकाकांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"पयल्या बारीलाच ऐकलं व्हतं," ते म्हणाले, आणि बाजेवर थोडे बाजूला सरकले.

खंडूबाबा बसले. डोळे पुसण्यासाठी त्यांनी चष्मा काढला, पण पुसायला काही मिळेना, तेव्हा दशरथकाकांनी आपल्या धोतराचा सोगा पुढे केला. समाधानला ते बघवेना. तो गाडीपाशी गेला, बॉनेट वर केलं आणि आत डोकं घालून उभा राहिला. इंजिनात बघण्यासारखं काही नव्हतं. मागून कुणीतरी विचारलं, "काय बिघडलंय का?" तो म्हणाला, "नाही. बघतोय जरा."